अठरा हजारांची चाचणी आणि डॉक्टरांना न सांगितलेली गोष्ट

सांगली जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा असा.

मुलगी २७ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरीला. गेल्या पावसाळ्यापासून तिचं कशातच मन लागेना. सारखं रडू, झोप उडालेली, कामात चुका. मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशन आहे असं सांगून एसिटालोप्राम १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि जिवाची तगमग झाली. मग दोन रात्री ती न झोपता स्वयंपाकघरातले डबे आणि कपाटं आवरत बसली, न थांबता बोलत राहिली. घरचे घाबरले आणि तिसऱ्या आठवड्यात गोळी बंद केली. त्यानंतर सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम पाचेक आठवडे दिली, फरक नाही. ‘मधे पुतण्याच्या लग्नात चार-पाच दिवस राहून गेली, एरवी नियमित घेतली.’ आता डॉक्टर व्हेन्लाफॅक्सिन सुरू करू म्हणतात. मुलगी म्हणते, ‘माझ्यावर प्रयोग चाललेत.’ बंगळूरच्या भाच्याने जनुकीय चाचणी करणाऱ्या एका लॅबची माहिती पाठवली आहे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घ्यायचा, मग कोणतं औषध चालेल आणि कोणतं नाही याचा रंगीत रिपोर्ट येतो. खर्च अठरा हजार. डॉक्टर म्हणाले, ‘करायची तर करा, मला आत्ता गरज वाटत नाही.’ आई लिहितात, ‘या महिन्यात माझी भिशी लागली आहे, पैशांची अडचण नाही. पण मुलगीच तयार नाही. व्हिटॅमिनची तपासणी आहे असं सांगून करून घेऊ का?’

पत्राच्या शेवटी आणखी चार ओळी आहेत. घरी शाकाहार. मुलीला दुसरं औषध काही नाही, फक्त रोज सकाळी उपाशीपोटी ओमेप्राझोलची पित्ताची गोळी. ‘तिच्या मामालाही तरुणपणापासून त्रास आहे. कधी महिना-महिना नुसता उत्साह, कर्ज काढून धंदे. कधी खोलीतून बाहेर येत नसे. लिथियमवर तो पुष्कळ वर्षं ठीक आहे. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही. तिच्यासाठी स्थळं बघायची आहेत, फाइलवर आलं तर?’

ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ही चाचणी आत्ता करू नका. आणि लेकीला फसवून तर कधीच करू नका. आता दोन्हीची कारणं सांगते, कारण असाच प्रश्न घेऊन बसलेली आणखी कितीतरी घरं आहेत.

फसवण्याचं आधी. ती २७ वर्षांची आहे. नमुना तिच्या शरीराचा, माहिती तिची. हे एक झालं. पण त्याहून मोठी अडचण अशी की तिला आत्ताच वाटतंय, आपल्यावर प्रयोग चाललेत. रिपोर्ट हातात आल्यावर तो डॉक्टरांना दाखवावाच लागेल, तेव्हा व्हिटॅमिनची गोष्ट उघडी पडणारच. त्या दिवसापासून तुम्ही दिलेली प्रत्येक गोळी ती संशयाने बघेल. डिप्रेशनच्या उपचारात गोळ्या महिनोन्‌महिने रोज घ्याव्या लागतात आणि त्या विश्वासावरच घेतल्या जातात. तो एकदा गेला की कुठलाही रिपोर्ट तो परत आणून देणार नाही.

‘प्रयोग’ हा शब्द तिचा आहे, पण तुमच्या पत्राचा सूरही तोच आहे, म्हणून त्याबद्दल थोडं बोलू. डिप्रेशनच्या पहिल्याच औषधाने पूर्ण बरं वाटणं हे सगळ्यांच्या बाबतीत घडत नाही. अमेरिकेत या विषयावरचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. त्यात पहिलं औषध होतं सिटालोप्राम, म्हणजे तुमच्या मुलीच्या पहिल्या गोळीचं सख्खं भावंड. त्या औषधाने लक्षणं जवळजवळ पूर्ण गेली ती साधारण एकतृतीयांश लोकांची. उरलेल्यांना डोस वाढवावा लागला, औषध बदलावं लागलं किंवा जोडीला दुसरं द्यावं लागलं. मधुमेहात किंवा ब्लडप्रेशरमध्ये डॉक्टर औषध बदलतात तेव्हा आपण त्याला प्रयोग म्हणत नाही. मानसिक आजारात म्हणतो, कारण इथे दाखवायला साखरेचा आकडा नसतो आणि वाट बघण्याचा काळ फार जड जातो. तिची चिडचिड रास्त आहे. पण तिचे डॉक्टर निष्काळजी आहेत असं तुमच्या पत्रातून मला कुठे दिसलं नाही.

आता चाचणी नेमकं काय सांगते ते बघू. गोळी पोटातून रक्तात जाते आणि यकृतातले काही एन्झाइम, म्हणजे औषध मोडणारी प्रथिनं, तिचा निकाल लावू लागतात. डिप्रेशनच्या बहुतेक गोळ्यांसाठी दोन एन्झाइम महत्त्वाचे: सीवायपी२सी१९ आणि सीवायपी२डी६. ते बनवणारी जनुकं माणसागणिक थोडी वेगळी असतात. काहींचा एन्झाइम जवळजवळ काम करत नाही, त्यांच्या रक्तात औषध साठतं आणि साध्या डोसलाही त्रास होतो. काहींचा इतका जोरात चालतो की गोळी गुण द्यायच्या आधीच निघून जाते. एसिटालोप्राम आणि सर्ट्रालिन यांचा निचरा मुख्यतः पहिल्या एन्झाइमकडून होतो, व्हेन्लाफॅक्सिनचा दुसऱ्याकडून. पहिला एन्झाइम मंद असणं आपल्याकडे युरोपपेक्षा जास्त आढळतं. त्यांच्याकडे शंभरात दोन-तीन, दक्षिण आशियात साधारण आठ-दहा.

म्हणजे हे शास्त्र खोटं नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. सिटालोप्रामसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच सांगितलं की हा एन्झाइम मंद असणाऱ्यांना दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये. डॉक्टरांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही आहेत, त्या २०२३ मध्ये नव्याने निघाल्या. पण ही चाचणी सांगते ती निचऱ्याची गोष्ट. कोणत्या गोळीने तुमच्या लेकीचं मन उभारी धरेल, हे चाचणीला सांगता येत नाही. लॅबच्या पत्रकात हा फरक पुसट होतो. हिरवा, पिवळा, लाल असे रकाने बघितले की कुणालाही वाटणार, हिरवी गोळी लागू पडणार आणि लाल गोळी विषासारखी. हिरव्याचा अर्थ एवढाच असतो की या औषधाचा डोस बदलावा असं कारण तपासलेल्या जनुकांत सापडलं नाही. आजारासाठी ते औषध योग्य आहे की नाही, याच्याशी त्या रंगाचा संबंध नाही.

अशा रिपोर्टांत बहुधा एक पान सेरोटोनिनशी संबंधित जनुकांचंही असतं. ते पान फार मनावर घेऊ नये. २०२३ च्या त्याच सूचनांनी या जनुकांचा विचार केला आणि त्यावरून औषध ठरवण्याएवढा पुरावा नाही असंच म्हटलं. ‘डिप्रेशनचं जनुक’ म्हणून गाजलेल्या १८ जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर २०१९ मध्ये छाननी झाली, तेव्हा त्यांतलं एकही कसोटीला उतरलं नाही. तुमच्या पत्रात मधेच एक ओळ आहे, ‘आमच्याच रक्तात दोष असेल तर तेही कळेल.’ ताई, नाही कळणार. आजार कुणाकडून आला हे ही चाचणी सांगत नाही, आणि त्याचा दोष कुणाच्या माथी मारावा असं काही नसतंच.

रिपोर्टनुसार औषध दिल्याने लोक जास्त बरे होतात का, याचाही अभ्यास झाला आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात आठ आठवड्यांनी मुख्य मोजमापात म्हणण्यासारखा फरक आला नाही. काही दुय्यम मोजमापांत थोडा आला. २०२२ मध्ये तिथल्याच माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, १,९४४ लोकांचा. रिपोर्ट मिळालेल्या गटात १२ आठवड्यांच्या सुमारास शंभरामागे पाचेक जण जास्त बरे झाले होते, पण २४ आठवड्यांनी दोन गटांत फरक उरला नाही. म्हणजे फायदा असलाच तर थोडा, आणि तोही थोड्यांना. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांना सावध केलं होतं की अशा रिपोर्टवरून आपल्या मनाने औषध बंद करू नका, बदलू नका. तुमचे डॉक्टर ‘आत्ता गरज वाटत नाही’ म्हणाले ते तुम्हाला तुटक वाटलं, पण त्यामागे एवढं सगळं आहे. त्यांनी ते दोन वाक्यांत समजावलं असतं तर बरं झालं असतं, हे मात्र खरं.

आता तुमच्या मुलीकडे येऊ. मी मानसोपचारतज्ज्ञ असले तरी तिला तपासलेलं नाही, तेव्हा हे निदान समजू नका. पण तुमचं पत्र वाचताना माझा पेन तीन ठिकाणी थांबला.

पहिलं ठिकाण पित्ताची गोळी. ओमेप्राझोल हे औषध म्हणून आपण मोजतच नाही, चहाआधी घ्यायची सवय म्हणून मोजतो. पण ते त्याच सीवायपी२सी१९ एन्झाइमला दाबून ठेवतं. एसिटालोप्रामबरोबर रोज घेतलं तर रक्तातलं एसिटालोप्राम साधारण दीडपट होऊ शकतं. तिला पहिल्या गोळीचा एवढा त्रास का झाला, याचं एक कारण हे असू शकेल. गंमत नाही, गंभीरपणे सांगते: तिची जनुकं अगदी नॉर्मल निघाली असती, रिपोर्टमध्ये एसिटालोप्राम हिरव्या रकान्यात आलं असतं, आणि तरी रोजच्या त्या गोळीमुळे तिचा निचरा मंदच राहिला असता. गालाच्या नमुन्याला सकाळी काय खाल्लं हे कळत नाही. असंच इतर औषधांचंही असतं. टीबीची रिफॅम्पिसिन कितीतरी गोळ्यांचा निचरा वाढवते. डिप्रेशनचीच फ्लुओक्सेटिन ही गोळी दुसऱ्या एन्झाइमला, सीवायपी२डी६ला, दाबते. विडी-सिगारेटचा धूर ओलान्झापिन आणि क्लोझापिन या मानसिक आजारांवरच्या औषधांची रक्तातली पातळी खाली आणतो, त्यामुळे रुग्णालयात दाखल झाल्यावर विडी सुटली की तोच डोस अचानक जड होतो. हा परिणाम धुराचा असतो. तंबाखू चघळल्याने किंवा मिश्रीने तो होत नाही. म्हणून डॉक्टरांना सगळं सांगायचं: पित्ताची, सर्दीची, पाळी पुढे ढकलायची गोळी, आयुर्वेदिक काढा, सगळं. एक विनंती, हे वाचून तिची पित्ताची गोळी लगेच बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, बदलून देता येईल का.

दुसरं ठिकाण, ‘दोन गोळ्या लागू पडल्या नाहीत’ हे वाक्य. पहिली गोळी तिसऱ्या आठवड्यात बंद झाली. या औषधांचा गुण दिसू लागायला दोन ते चार आठवडे जातात, पुरता अंदाज यायला सहा ते आठ. दुसरी ५० मिलिग्रॅमवरच राहिली. सर्ट्रालिनचा तो सुरुवातीचा डोस आहे, गरजेनुसार तो २०० पर्यंत नेतात. शिवाय मधे लग्नात चार-पाच दिवस खंड पडला. लग्नघरात गोळ्यांची आठवण राहत नाही, आणि पाहुण्यांसमोर डबी काढायची चोरीही असते, हे मी जाणते. तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण एका औषधाला वेळ मिळाला नाही आणि दुसऱ्याला पुरेसा डोस. त्यांना नापास म्हणण्याआधी हे डॉक्टरांसमोर मांडायला हवं. घरी शाकाहार आहे, तर बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच आणि हिमोग्लोबिन तपासलं आहे का तेही बघा. बी-१२ कमी असणं आपल्याकडे शाकाहारी घरांत सर्रास आढळतं, आणि थकवा, उदासी, विसराळूपणा त्यातूनही येतो. थायरॉइडचंही तसंच. अठरा हजारांच्या मानाने हा किरकोळ खर्च आहे. व्हिटॅमिनची तपासणी करायचीच असेल तर ती अशी, खरीखुरी आणि तिला सांगून करा.

तिसऱ्या ठिकाणी मी सगळ्यात जास्त थांबले. मामा.

ताई, जनुकांची माहिती विकत घ्यायला तुम्ही भिशीचे पैसे काढायला निघाला आहात. आणि या मुलीबद्दलची आनुवंशिक माहितीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तुमच्याच माहेरी आहे, फुकट आहे, आणि ती डॉक्टरांपासून लपवली आहे. महिना-महिना उत्साह, कर्ज काढून धंदे, मग खोलीतून बाहेर न येणं, आणि लिथियमने आलेली स्थिरता. हे वर्णन कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाच्या कानावर पडलं तर त्याच्या मनात पहिला शब्द येईल बायपोलर. हा आजार रक्ताच्या नात्यांत जास्त आढळतो, आणि पुष्कळदा तो सुरू होतो तो डिप्रेशननेच. उत्साहाचा भाग नंतर दिसतो. कधी तो डिप्रेशनच्या गोळीने बाहेर येतो.

आता त्या दोन रात्री आठवा. न झोपता डबे, कपाटं आवरणं, न थांबणारं बोलणं. तुम्ही ते गोळीचं रिअॅक्शन म्हणून लिहिलं आहे, आणि ते तसं असूही शकेल. या गोळ्यांनी सुरुवातीला काहींना विलक्षण अस्वस्थता येते, एका जागी बसवत नाही. पण तो उत्साहाचा झटकाही असू शकतो. या दोहोंतला फरक बारकाईने विचारल्याशिवाय कळत नाही. तेव्हा तिला थकवा जाणवत होता का? झोप हवी होती पण येत नव्हती, की झोपेची गरजच वाटत नव्हती? मन जड होतं की हलकं, वाऱ्यावर स्वार? नेहमीपेक्षा जास्त खर्च, मोठमोठे बेत? त्या रात्रींबद्दल तिला स्वतःला काय आठवतं? डॉक्टर हे विचारतील, पण त्या रात्री घडल्या हे त्यांना माहीत असेल तर.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण उत्तर बदललं तर उपचाराची दिशाच बदलते. बायपोलरमध्ये डिप्रेशनची गोळी एकटी दिली तर मन स्थिर होण्याऐवजी हेलकावे वाढू शकतात, आणि व्हेन्लाफॅक्सिनसारख्या गोळीबाबत तर डॉक्टर जास्तच जपून असतात. तिथे आधी मन स्थिर ठेवणारं औषध लागतं: लिथियम, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन, ज्याला जे योग्य ते. लिथियमने मामांना गुण आला ही माहितीही डॉक्टरांना उपयोगाची असते. रक्ताच्या नात्यात एखादं औषध चांगलं लागू पडलं असेल तर ते त्याचा विचार करतात. पण म्हणून मामांच्या गोळ्या तिला देऊन बघायच्या नाहीत हं. लिथियमचा निचरा मूत्रपिंडातून होतो, यकृताचे एन्झाइम त्यात येतच नाहीत. त्याचा डोस ठरतो शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्तातली पातळी मोजून, आणि जोडीला थायरॉइड व मूत्रपिंडाची तपासणी करून.

आणि इथेच एक जनुकीय चाचणी अशी आहे की जी मी स्वतः आग्रहाने करायला सांगेन. मन स्थिर ठेवणाऱ्या औषधांत कार्बामाझेपिन आहे, फिट्ससाठीही ते देतात. एचएलए-बी*१५:०२ हा जनुकाचा प्रकार असलेल्यांना त्याने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होण्याचा धोका मोठा असतो. अंगभर फोड येतात, कातडी सुटते, तोंड आणि डोळे सोलवटून निघतात, जीव जाऊ शकतो. हा संबंध २००४ मध्ये तैवानमध्ये लक्षात आला. २००७ मध्ये अमेरिकेने आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध देण्याआधी चाचणी करा असं सांगितलं. सिंगापूरमध्ये २०१३ पासून नवीन रुग्णांसाठी ही चाचणी उपचाराचाच भाग आहे. भारतीयांत हा प्रकार सरासरी शंभरात दोन ते चार जणांत आढळतो, काही समाजांत जास्त. तेव्हा कुणाच्याही घरी हे औषध नव्याने सुरू होणार असेल तर डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा. एक नेमका प्रश्न, एक नेमकं जनुक आणि उत्तरावरून ठरणारा एक नेमका निर्णय. चाचणी अशी असली की तिचा पैसा वसूल होतो.

(मन स्थिर ठेवणाऱ्याच व्हॅल्प्रोएट या औषधाचा विषय निघाला तर एवढं लक्षात ठेवा: गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या मुलींना ते शक्यतो देत नाहीत. तिने स्वतः डॉक्टरांशी हे बोलायला हवं.)

मग ती मोठी, रंगीत रकान्यांची चाचणी कुणी करावीच नाही का? करावी, काहींनी. दोन-तीन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे, न चुकता घेतली, निदान पुन्हा तपासून पाहिलं, आणि तरी दर वेळी छोट्या डोसलाही सोसवत नाही किंवा मोठ्या डोसनेही काही हलत नाही, असं असेल तर रिपोर्टमधली एन्झाइमची दोन पानं कामाची ठरू शकतात. अट एकच, तो वाचून निर्णय घेणारे डॉक्टर चाचणी मागवतानाच सोबत असावेत. लॅबच्या फोनवरच्या माणसाने ‘तुमच्या डॉक्टरांना हे नवीन माहीत नसेल’ असं म्हटलं तर फोन ठेवून द्या. नमुना देण्याआधी संमतीपत्र पूर्ण वाचा, आपली माहिती पुढे कुणाला देणार हे त्यात लिहिलेलं असतं. आणि चाचणी केलीच तर कागद जपून ठेवा, जनुकं बदलत नाहीत. हाच सीवायपी२सी१९ एन्झाइम क्लोपिडोग्रेल या हृदयविकारातल्या गोळीला कामाला लावतो. स्टेंट टाकलेल्या माणसाचा तो मंद असेल तर गोळी नीट काम करत नाही. तेव्हा मनाच्या औषधासाठी काढलेला रिपोर्ट पुढे हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवता येतो.

तुमच्याकडे मात्र आत्ता भिशीचे पैसे आहेत, तर ते मानसोपचाराच्या सत्रांसाठी ठेवा असं मी सुचवेन. गोळ्यांच्या जोडीला समुपदेशकाकडे नियमित जाणं, विचारांची घडी बसवायला शिकणं, याने डिप्रेशनमध्ये खरोखर फरक पडतो. आणि ‘माझ्यावर प्रयोग चाललेत’ हे ती जिथे मोकळेपणाने बोलू शकेल, अशी घराबाहेरची एक जागा तिला मिळेल.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोघी मिळून एक कागद तयार करा. तुम्ही एकट्या नाही, दोघी. जुन्या स्ट्रिपा आणि चिठ्ठ्या समोर घ्या. कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू, डोस कधी बदलला, किती दिवस चुकली, कधी बंद केली, तेव्हा काय-काय झालं, सोबत दुसरं काय चालू होतं. त्या दोन रात्रींच्या तारखा वेगळ्या लिहा. मोबाइलवरच्या मेसेजांवरून तारखा सापडतात. हा एक कागद डॉक्टरांना त्या रंगीत रिपोर्टहून जास्त सांगेल. तिसरं औषध सुरू झालं नसेल तर भेट शक्य तितकी लवकर घ्या. सुरू झालं असेल तर हे सगळं डॉक्टरांना फोनवर कळवा, पण आपल्या मनाने थांबवू नका. व्हेन्लाफॅक्सिन अचानक बंद केली तर गरगरणं, मळमळ, अंगातून शॉक बसल्यासारखं होणं असा त्रास होतो. पुन्हा झोप उडाली, बोलणं वाढलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार तिने बोलून दाखवले, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

राहिली स्थळांची गोष्ट. तुमची भीती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. मानसिक आजाराचं नाव निघालं की आपल्याकडे बोलणी मोडतात, हे मीही बघते. पण डॉक्टरांच्या फाइलमधलं बाहेर जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा तिचा हक्क केला आहे. डॉक्टरांना सांगणं आणि गावाला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थळाला काय सांगायचं, कधी सांगायचं, हे ती बरी झाल्यावर तिने ठरवायचं आहे. माझं मत विचाराल तर लपवू नये. लपवून लग्न केलेल्या मुली मी बघते. सासरी गोळ्या कुणाला दिसू नयेत म्हणून त्या बंद करतात, चार-सहा महिन्यांत आजार उलटतो, आणि मग त्यांना माहेरी आणून सोडतात. पण तो निर्णय तिचा. आत्ता स्थळं बघणंच थांबवा. तिच्या डोक्यावरचं तेवढं ओझं तरी उतरेल.

मामांची गोष्ट मामांची आहे, म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी त्यांना फोन करा. भाचीला काय होतंय ते सांगा, आणि विचारा की त्यांचं निदान, औषधाचं नाव आणि ते कधीपासून सुरू आहे हे डॉक्टरांना सांगितलं तर चालेल का. इतकी वर्षं लिथियम घेणाऱ्या माणसाला रोज गोळी घेत नोकरी-धंदा आणि संसार कसा करायचा हे ठाऊक असतं. ते तयार असतील आणि मुलीचीही हरकत नसेल, तर त्या दोघांना एकमेकांशी बोलू द्या, तुम्ही मधे न बसता.